मधली बोली

बायको पत्त्यांत हरत होती तोवर चष्मेवाल्याची काही तक्रार नव्हती. ती जिंकायला लागली आणि त्याच्या पोटात दुखायला लागलं. त्यातून ती त्याच्याबरोबर जिंकली असती तर त्यानं अख्ख्या बाजारपेठेला सांगितलं असतं. पण ती जिंकत होती जनावरांच्या डॉक्टरांची जोडीदार होऊन, आणि हा घास काही केल्या त्याच्या घशाखाली उतरत नव्हता.

वास्तविक तिला ब्रिज शिकवला तो त्यानंच. जेवणं आटोपली की टेबल पुसून तो पत्ते मांडायचा आणि समजावून सांगायचा. चौघांचा खेळ. समोरासमोरचे दोघं एका बाजूचे. पानं वाटून झाली की आधी बोली लागते, आणि बोली म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, जोडीदारांचं आपसातलं बोलणं. माझे बदाम बरे आहेत, तुझं काय? एवढंच, पण ठरलेल्या मोजक्या शब्दांत. भुवया उडवायच्या नाहीत, सुस्कारे टाकायचे नाहीत. शेवटी जी जोडी जास्त हात करायचं कबूल करते तिला तेवढे करून दाखवावे लागतात. नाही झाले तर दंड. समोरच्यांना खात्री असेल की हे पडणार, तर ते ‘डबल’ म्हणतात, आणि मग दंड चांगलाच दणकून बसतो.

समोरचे दोघं असे बोलत असताना आपण मध्येच बोली लावली तर त्याला म्हणतात ओव्हरकॉल. चष्मेवाल्याची थोरली बहीण त्याला ‘मधली बोली’ म्हणायची, आणि पत्त्यांच्या क्लबात तेच रुळलं होतं. ताईचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांच्या तारा जोडून देण्यात गेला होता. निवृत्त झाल्यावरही कानाला हेडफोन असल्यासारखी ती मान जरा तिरकी ठेवून बसे. मधल्या बोलीबद्दल तिचं मत सरळ होतं. दोघांचं बोलणं चाललेलं असताना मध्ये तोंड घालायचं ते सांगण्यासारखं काही असेल तरच, नाहीतर तार कापल्याचं पाप लागतं.

चष्मेवाल्याचा नियमही तोच, फक्त जास्त कडक. तो त्यानं बायकोकडून घोकून घेतला होता.

“एका रंगाची सहा-सात पानं आली की नवशिका हुरळतो. आपण हुरळायचं नाही. नुसती रांग लांब असून भागत नाही. रांगेच्या पुढे एक्का, राजा कोणी उभे आहेत का ते बघायचं.”

“लांब रांग माझ्या खिडकीपुढे रोजच असते,” बायको म्हणाली होती. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये होती. सकाळपासून लोकांच्या बाह्या वर करायच्या आणि त्यांना बोलण्यात गुंतवून सुई टोचायची, हे तिचं काम.

नियम चांगले होते. शिकवणाऱ्याचं तोंड मात्र वाईट होतं. क्लबात बायकोनं एखादं चुकीचं पान टाकलं की डाव संपायची वाट न बघता तो विचारायचा, “हे काय टाकलंस? डोळे कुठे आहेत तुझे?” चष्मेवाल्याच्या बायकोला हा प्रश्न सगळ्यांदेखत विचारला की आजूबाजूची टेबलं खुसखुसायची. मग घरी जाताना रस्ताभर त्याच डावाची चिरफाड. जेवताना पुन्हा तोच डाव ताटात. एका शनिवारी तिनं हातातली पानं नीट जुळवून टेबलावर उपडी ठेवली आणि आवाज न चढवता म्हणाली, “मी आता तुमच्याबरोबर खेळणार नाही. घरी आहे तेवढं पुरे.”

क्लबात हशा पिकला. चष्मेवालाही हसला. त्याला वाटलं, राग आहे, उतरेल. पुढच्या शनिवारी जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं की माझा जोडीदार बदली होऊन गेलाय, वहिनी माझ्याबरोबर बसल्या तर चालेल का. “बसू दे की,” चष्मेवाला उदारपणे म्हणाला. “महिनाभर सांभाळा, मग परत करा.” आणि स्वतः ताईला जोडीला घेतलं. महिना गेला, दुसरा गेला. बायको काही परत आली नाही. उलट क्लबाच्या फळ्यावर तिची जोडी एकेक पायरी चढत वर सरकायला लागली.

डॉक्टर हे मोठ्या हाडापेराचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांची पत्नी वारून काही वर्षं झाली होती, घरात ते आणि एक म्हातारं मांजर. हातांवर कायम ओरखडे. बायकोनं पान चुकवलं तर ते काय म्हणतात, हे ऐकायला चष्मेवाला शेजारच्या टेबलावरून कान टवकारून बसायचा. ते म्हणायचे, “हरकत नाही, पुढचा डाव घ्या.” बस्स. या एवढ्याशा वाक्यानं त्याच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. हरकत नाही म्हणे! माणूस शिकणार कसा अशानं?

संशयाला खाद्य लागतं आणि ते कुठेही मिळतं. एकदा डॉक्टरांच्या हातावरचा ताजा ओरखडा बघून बायकोनं पर्समधून कापूस काढला आणि औषध लावून दिलं. लॅबमध्ये ती दिवसातून पन्नास जणांना कापूस लावते हे चष्मेवाल्याला ठाऊक होतं. तरी हा एक्कावन्नावा कापूस त्याच्या डोळ्यात सलत राहिला. मग तिनं चष्म्याची नवी फ्रेम मागितली. इतकी वर्षं तो मागे लागला होता की ही जाडजूड फ्रेम टाक, चेहरा झाकतो तुझा, तेव्हा ऐकलं नाही. आता आपण होऊन म्हणाली, बारीक, हलकी द्या. त्यानं दिली. काचा घासल्या, कानामागे नीट बसवून दिली, आरसा समोर धरला. ती छान दिसत होती. ज्या चष्म्यातून ती आता दर शनिवारी डॉक्टरांकडे बघणार तो आपण स्वतःच्या हातानं बसवून दिला, असं मनात येऊन त्यानं आरसा जरा लवकरच खाली ठेवला.

घरी मात्र सगळं पूर्वीसारखंच चाललं होतं. ती लॅबमधलं काहीबाही सांगायची. एकदा भाजी चिरता चिरता म्हणाली, “आज एक ट्रकवाला आला होता, हा एवढा दांडगा. खुर्चीत मावेना. म्हणाला, बाई, मला सुईची फार भीती वाटते, मी डोळे मिटतो...”

“मोठी माणसंच जास्त घाबरतात,” चष्मेवाला म्हणाला. “माझ्याकडे एक हवालदार यायचा. चोरांना बुकलून काढणारा माणूस, पण डोळ्यात थेंब घालायचे म्हटलं की रडायचा.” आणि त्यानं हवालदाराची गोष्ट रंगवून सांगितली. ती होतीच तशी रंगतदार. बायको ऐकून हसली आणि भाजी फोडणीला टाकायला उठली.

वर्षअखेरीला क्लबाची स्पर्धा आली. शेवटी दोन जोड्या उरल्या. एक बायको आणि डॉक्टर, दुसरी चष्मेवाला आणि ताई. जिंकणाऱ्या जोडीला ढाल देऊन क्लब दुसऱ्या गावच्या मोठ्या स्पर्धेला पाठवणार होता. तीन दिवस. जायचं-यायचं रेल्वेनं, राहायचं हॉटेलात. चिटणिसांनी हे फळ्यावर लिहिलं त्या दिवसापासून चष्मेवाल्याला दुकानात बसल्या बसल्या ती गाडी दिसायला लागली. खिडकीपाशी समोरासमोर दोघं. मग हॉटेलातला नाश्ता. ती ब्रेडला लोणी लावतेय आणि तो बैल म्हणतोय, हरकत नाही. गिऱ्हाईक खालची ओळ वाचून दाखवायचं आणि हा म्हणायचा, पुन्हा वाचा. त्याला ढाल नको होती, मोठी स्पर्धा नको होती. बायको त्या गाडीत बसता कामा नये, एवढंच हवं होतं.

“तू खेळायला येतोयस की पहारा द्यायला?” जिना चढताना ताईनं विचारलं.

“म्हणजे?”

“म्हणजे काही नाही. डोकं थंड ठेव.”

क्लब म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरची एक लांबट खोली. हिरव्या कापडाची टेबलं, कुरकुरणारा पंखा, कोपऱ्यात चहाची किटली आणि बिस्किटांचा डबा. दुपारभर सामना चालला. चष्मेवाला खरोखरच चांगला खेळाडू होता. तोंड आवरलं तर त्याच्यासारखा त्या खोलीत दुसरा नव्हता, आणि ताई समोर असली की तोंड आपोआप आवरायचं. चहाची सुट्टी झाली तेव्हा ती दोघं थोडी पुढे होती. एकच डाव उरला होता.

“आता काही पराक्रम नको,” ताई हळूच म्हणाली. “आपण पुढे आहोत. येईल ते खेळायचं.”

चष्मेवाल्यानं मान हलवली आणि कप घेऊन खिडकीशी गेला. बाहेरच्या गॅलरीत बायको आणि डॉक्टर कठड्याला टेकून उभे होते. काच लावलेली, ऐकू काही येत नव्हतं. बायको बोलत होती. हात हलवून, थांबून, पुन्हा पुढे, खूप वेळ. डॉक्टर कप हातात तसाच धरून ऐकत होते. त्यांनी एकदाही ओठ हलवले नाहीत. मग बायकोनं नवा चष्मा काढला आणि पदरानं डोळे पुसले. डॉक्टरांनी आत येऊन बिस्किटांचा डबा नेला आणि तिच्यापुढे धरला. तिनं एक बिस्किट घेतलं आणि ओल्या डोळ्यांनी हसली.

त्याच्या हातातला चहा निवून गेला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपल्यासमोर ती अशी कधी बोलली, कधी रडली, त्याला आठवेना. असं काय सांगत होती? काय सांगण्यासारखं उरलंय तिच्याकडे, जे नवऱ्याला सांगता येत नाही?

चिटणिसांनी घंटी वाजवली. चौघं बसली. ताई त्याच्या समोर, बायको उजव्या हाताला, डॉक्टर डाव्या. बायकोनं पानं वाटली.

त्यानं पानं उचलून लावली. किलवरची सात! पण पुढे कोण? गुलाम. गुलामाच्या मागे नव्वी, सत्ती आणि मग दुर्रीपर्यंत सगळी लहानसहान प्रजा. एक्का नाही, राजा नाही, राणी नाही. बाकी इस्पिकचा राजा, बदामाची राणी आणि गुलाम, एवढंच. ही पानं दुसऱ्या कुणाला आली असती आणि चष्मेवाल्याला सल्ला विचारला असता, तर त्यानं पान न बघता सांगितलं असतं की गप्प बस.

“एक बदाम,” बायको म्हणाली.

तिनं मान वर करून समोर बघितलं. डोळ्यांच्या कडा अजून लालसर होत्या. डॉक्टरांनी हलकेच मान डोलावली, ऐकलं म्हणून. झालं, सुरू झालं यांचं. आता ती सांगणार, मग तो सांगणार, मग पुन्हा ती, आणि मी मध्ये बसून ऐकायचं. गॅलरीत काच तरी होती.

“दोन किलवर,” चष्मेवाला म्हणाला.

तोंडातून शब्द गेला तेव्हा त्याला छातीत मोकळं वाटलं. तार कापली गेली होती. समोर ताईची मान आणखी तिरकी झाली.

“पास,” डॉक्टर म्हणाले, नेहमीच्याच सुरात.

बघा! बैलाकडे सांगण्यासारखं काही नाहीच. ताईनंही पास म्हटलं. आता बायकोची पाळी. ती गप्प बसली की दोन किलवरवर बोली संपणार. तिनं आपली पानं बघितली. मग डॉक्टरांकडे न बघता नवऱ्याकडे बघितलं, नव्या चष्म्यातून, सुई टोचण्याआधी शीर शोधतात तसं शांतपणे.

“डबल.”

तिघांचे पास आले. डॉक्टरांनी पहिलं पान टाकलं आणि ताईनं आपली पानं टेबलावर उघडी मांडली. त्यांत किलवरची एकुलती एक तिर्री होती. चष्मेवाल्याला पुढचं सगळं तिथेच दिसलं. किलवरचा एक्का बायकोकडे निघाला. राजा, राणी, दश्शी आणि अठ्ठी, सगळे डॉक्टरांकडे, त्याच्या रांगेची वाट अडवून बसलेले. त्याचा गुलाम पडला, मग नव्वी पडली, मग सत्ती. तीन हात कमी पडले. चिटणिसांनी दंडाचा आकडा फळ्यावर लिहिला, आणि दुपारभर जपलेली आघाडी पुसून वर बराच उरला.

टाळ्या झाल्या. डॉक्टरांनी उठून हात पुढे केला. “तुमच्या शिकवणीचा विजय आहे हा,” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कुठेही टोमणा नव्हता, हेच जास्त झोंबलं.

रस्त्यावर आल्यावर ताई बोलली. “अरे, तिच्या बदामांच्या मागे तुझी राणी आणि गुलाम बसले होते. तू गप्प राहिला असतास तर ते चार बदामांपर्यंत गेले असते आणि पडले असते. इस्पिकचा एक्का माझ्याकडे, राजा तुझ्याकडे. आपण पुढे होतो. तुला करायचं काहीच नव्हतं, फक्त ऐकायचं होतं.”

“सात किलवर होते.”

“लांब शेपटीनं कोणी चावत नाही,” ताई म्हणाली, आणि कोपऱ्यावर आपल्या घराकडे वळली.

दोघं पुढे चालू लागली. संध्याकाळ होत आली होती. दुकानांची शटर अर्धी खाली आली होती. आज चिरफाड करायला तोंड नव्हतं, तरी सवयीनं त्यानं विचारलंच.

“डबल कसं दिलंस? डॉक्टर तर पास म्हणाले होते.”

“माझ्याकडे एकच किलवर, तो एक्का. ताईंनी तुम्हाला हात दिला नाही. मग मोठे किलवर कुठे असणार? डॉक्टर गप्प बसले म्हणजे त्यांच्याकडेच.”

“पण माझ्याकडे राजा-राणी असते तर? मी उगाच मधली बोली लावत नाही. नियम मीच शिकवलाय तुला.”

“पत्त्यांत लावत नाही,” ती म्हणाली. “पण आज तुम्ही पत्त्यांसाठी बोलला नाहीत. मी बोलायला लागले की तुम्ही मध्ये बोलता. त्याला पानं लागत नाहीत.”

ती रागानं बोलली नव्हती. पाऊस थांबलाय असं सांगावं तसं बोलली. मग पोटात दुपारपासून अडकलेलं ते बाहेर पडलं.

“चहाच्या वेळी त्यांना काय सांगत होतीस? डोळे पुसत होतीस.”

“ते होय. त्या ट्रकवाल्याची गोष्ट.”

“ती मला माहीत आहे.”

“अर्धी माहीत आहे. पुढे तुमचा हवालदार आला.”

चष्मेवाला थांबला. त्यानं एका दुकानाच्या अर्ध्या शटरकडे बघितलं, मग बुटांकडे. “मग पुढे काय झालं?” त्यानं विचारलं.

तिनं पहिल्यापासून सांगायला घेतली. हा एवढा दांडगा ट्रकवाला, खुर्चीत मावेना. म्हणाला, बाई, मला सुईची फार भीती वाटते, मी डोळे मिटतो. इथे ती थांबली. मुद्दाम नाही, सवयीनं. नेहमी तो बोलायचा ती ही जागा होती. हवालदार त्याच्या जिभेच्या टोकावर येऊन उभा राहिला. त्यानं ओठ मिटून घेतले.

“मी सुई काढली,” ती म्हणाली, “कापूस लावला, म्हटलं झालं. तर हा डोळेच उघडेना. मला वाटलं, चक्कर आली. मनगट धरून नाडी बघत उभी राहिले. तर तसाच डोळे मिटून म्हणाला, बायको गेल्यापासून माझा हात कुणी धरला नव्हता, बाई. आणखी थोडा वेळ धराल का? बाहेर ही रांग लागलेली. पण मी धरला.”

घर आलं होतं. तिनं पर्समधून किल्ली काढली.

“डॉक्टर काय म्हणाले?”

“काही नाही. बिस्किटं पुढे केली.”

गोष्ट चांगली होती, हवालदाराच्या गोष्टीपेक्षा पुष्कळच चांगली. त्याच्या घरात, भाजी चिरताना सुरू झालेली ती गोष्ट डॉक्टरांनी त्याच्या आधी ऐकली होती, आणि हे त्याला अजूनही सहन होत नव्हतं. त्याला वाटलं, आत्ता, इथेच, तिचा हात धरावा. पण मग तो गोष्ट ऐकून धरला असं झालं असतं, आणि त्यातही पहिला नंबर ट्रकवाल्याचाच. तो हात खिशात घालून उभा राहिला.

“अहो, माळ्यावरची बॅग काढून द्याल?” दार उघडत ती म्हणाली. “गाडी शुक्रवारची आहे.”

त्यानं स्वयंपाकघरातून स्टूल आणलं, वर चढला आणि बॅग खाली काढली. धूळ बसली होती, तीही पुसली.